भाजक

अठ्ठावीस मार्चला, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी
शाळेच्या खात्यात पैसे आले.
केंद्रप्रमुखांचा फोन: म्याडम, एकतीसच्या आत खर्ची टाका,
नाहीतर परत जाईल.
जसा काही तो पाहुणा, त्याची शेवटची एसटी चुकत होती,
आणि जूनपासून दार लावून बसलो होतो आम्हीच.

साडेबारा हजार.
पट तेवीस, म्हणून साडेबारा.
एकतीस असता तर दुप्पट आले असते.
कमी पडलेली आठही पोरं मला नावानिशी ठाऊक आहेत:
चार जण तालुक्याच्या पिवळ्या गाडीत टाय लावून जातात,
तिघं बल्लारपूरला गेले, बापाला तिथं काम लागलं,
आणि एक शेळ्यांमागे आहे. त्याला मी रोज हाक मारते,
तो रोज हात हलवतो.

किर्दवही उघडली.
लाइटचं बिल दुकानाच्या दरानं येतं.
आम्ही काय विकतो ते मला अजून कळलेलं नाही.
मागल्या वर्षी वायरमन मीटर कापायला आला,
खांबावरून उतरल्यावर बराच वेळ पाणी पीत राहिला,
मग म्हणाला, म्याडम, मी इथंच शिकलो.
पकड खिशात घातली आणि गेला.

हातपंपाचे वायसर. खडू. फिनेल. तराजूची दुरुस्ती,
म्हणजे कौसाबाई तांदूळ मोजते तो तराजू.
आणि कवेलू.
कवेलू दरवर्षी वांदरं फोडतात.
वांदरांना पट माहीत नाही.
तेवीस पोरांचं छप्पर तेवीस पोरांपुरतंच गळत नाही,
ते तीन खोल्याभर गळतं,
नकाशावर गळतं, विदर्भाच्या नेमकं मधोमध.
गेल्या साली तान्ह्या पोळ्याच्या वर्गणीतले
सातशे रुपये उरले होते, ते गावानं दिले.
लाकडी बैलांच्या पैशातून आमची दक्षिणेकडची भिंत उभी आहे.
याची नोंद करायला रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते गणित चौथीला घातलं.
खरं गणित मुलं लवकर ओळखतात, एकदम गप्प झाली.
साडेबारा हजार भागिले तेवीस.
अर्ध्या वर्गाला भाग गेला नाही.
श्रावस्ती वानखडेनं काढलं: पाचशे त्रेचाळीस, बाकी अकरा.
बरोबर, म्हटलं.
पण ती पाटी खाली ठेवीना.
वर बघितलं तिनं, जिथून ऊन येतं तिकडे.
मग म्हणाली,
‘म्याडम, पण भागाचं कायनं?
पोट्ट्याईनं का खोल्याईनं?’

चौदा वर्षं शिकवते मी.
भाज्य, भाजक, भागाकार, बाकी, सगळं फळ्यावर ओळीनं लिहिते.
भाजक कोण ठरवतो, हे कधी लिहिलं नव्हतं.
‘आन् थे बाकी अकरा कोनाचे?’ मागून कोणीतरी विचारलं.
वर्ग हसला. मीही हसले, मग मला जरा वेळ
खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

रात्री उपयोगिता प्रमाणपत्र भरलं.
निधी मिळाला: होय. निधी खर्च झाला: होय.
निधी पुरला काय, असा प्रश्न त्यात नसतो.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. मी बारीक अक्षरात
श्रावस्तीचा प्रश्न लिहिला, तिच्याच बोलीत,
खाली तिचं नाव, इयत्ता.

पंचायत समितीतल्या बाबूंनी चष्मा वर केला.
हे काय म्याडम? हे खोडून आणा.
म्हटलं, नियम दाखवा.
त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.
तुमच्या शाळेला खोल्या किती, त्यांनी विचारलं.
तीन.
पेन उलटं धरून ते टेबलावर काहीतरी करत राहिले,
चार हजार एकशे... असं पुटपुटले,
मग शिक्का मारला. जरा तिरका पडला.

तेवढ्यानं काही झालं नाही.
आज चौदा एप्रिल, अर्धी कवेलू बदलून झाली,
उरलेली अर्धी पुढच्या मार्चपर्यंत थांबतील,
वांदरं थांबली तर.